मावशीची शिकवणी

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमची गुळाची अडत होती आणि त्या अडतीत साखरी नावाची मांजर होती. नाव मी ठेवलेलं. वडील म्हणाले, "गुळाच्या वखारीत साखर आणून बसवलीस. आता धंदा झालाच म्हणायचा." मी आठवीत होतो. जुलैच्या झडीत गटारीच्या कडेला ते पिल्लू सापडलं, डोळे धड उघडलेले नव्हते. दप्तरात घालून आणलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, रात्री बल्बखाली खोक्यात ठेवलं. जगलं.

घरच्यांनी ते ठेवून घेतलं त्यात माया कमी आणि हिशोब जास्त होता. गुळाची वखार म्हणजे उंदरांची पंढरी. तीस-तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, गोणपाटात गुंडाळून थप्पीला लावलेले. सकाळी दार उघडलं की पहिलं काम कुरतडलेले कोपरे मोजायचं. व्यापारी येतो, चिमूटभर गूळ जिभेवर ठेवतो, भाव बोलतो. पण रव्यावर दातांच्या खुणा दिसल्या तर तो काहीच बोलत नाही, नुसता पुढच्या थप्पीकडे सरकतो. तेव्हा मांजर म्हणजे आमच्या दृष्टीनं बिनपगारी रखवालदार.

साखरी वर्षाची झाली, अंगानं भरली, आणि एका रात्री वडिलांबरोबर वखार बंद करायला गेलो असताना मी तिचा पराक्रम डोळ्यांनी पाहिला. फळीखालून एक उंदीर निघाला. सांडलेल्या गुळाच्या चुऱ्याशी येऊन निवांत बसला. साखरी त्याच्यापासून हातभर अंतरावर. तिचे कान पुढे आले, डोळे मोठे झाले, शेपटीचं टोक हललं. म्हणजे यंत्र सगळं चालू झालं होतं. मग तिनं एक पंजा हळूच पुढे केला आणि उंदराच्या शेपटीला लावून बघितला, आपण इस्त्री तापली का बघतो तसा. उंदीर उडाला. साखरी त्याच्यापेक्षा उंच उडाली आणि थेट माझ्या पायामागे येऊन बसली.

दत्तूमामा हमाल पोतं टेकवून हसत होते. म्हणाले, "तिला आईनं दावलंच न्हाई रं. दूध पाजलंस तू, खरं शाळंत कोन घालनार?"

बाहेर ओट्यावर आबा, म्हणजे माझे आजोबा, बसले होते. त्यांनी न वळताच भर घातली, "चित्त्याचंबी असंच असतंय. पिल्लू धरून आणलं तर ते बिनकामाचं."

आबांचा जन्म १९२४ चा. त्यांचं लहानपण राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतलं, आणि त्या काळातल्या कोल्हापूरच्या पोरांनी चित्ता पाहिलेला असे. चित्र नव्हे, चित्ता. शाहू महाराजांच्या काळापासून संस्थानात चित्ते पाळलेले होते, ते काळवीटाच्या शिकारीसाठी. सांभाळणाऱ्यांना चित्तेपारधी म्हणत. आबा सांगायचे की बैलगाडीवर बसवून न्यायचे, कमरेला पट्टा, डोळ्यांवर कातडी टोपी. आणि रस्त्यावरची कुत्री त्या गाडीला भुंकायची नाहीत, नुसती भिंतीला चिकटून उभी राहायची. हा शेवटचा तपशील त्यांनी स्वतः रंगवलेला असेल असं मला वाटतं. आबा कुस्तीची वर्णनंही अशीच करायचे.

पिल्लू बिनकामाचं, ही गोष्ट मात्र रंगवलेली नाही. मोठा झाल्यावर या विषयावर जे हाताला लागलं ते वाचत गेलो, आणि सगळीकडे हेच. हिंदुस्थानात चित्ते पाळण्याची परंपरा शेकडो वर्षांची, पण चित्ता धरायचा तो वाढलेलाच. पारध्यांना ठराविक झाडं माहीत असत. मोठे चित्ते पुन्हा पुन्हा तिथं येऊन बुंध्यावर नखं घासतात, खूण ठेवतात. त्या झाडाभोवती तातीचे फास लावायचे आणि थांबायचं. असा धरलेला दांडगा, चवताळलेला प्राणी काही महिने खपून माणसाळवायचा. त्यापेक्षा बोळ्यानं दूध पाजून वाढवलेलं पिल्लू किती सोयीचं! पण ते कुणी घेत नसे. रानातल्या चित्त्याला शिकार आईनं शिकवलेली असते. चित्तेपारधी त्याला माणसाची सवय लावायचा, कधी सोडायचं ते ठरवायचा, मारलेलं जनावर सोडावं म्हणून लाकडी पळीतून रक्त पुढे करायचा. पळायचं कसं, पाडायचं कसं आणि नरडं कुठं धरायचं, हे त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतंच. तो भाग उरकून आलेलाच विद्यार्थी त्याला हवा असे.

चित्तीण हे शिकवते कसं, ते टिम कॅरो या अभ्यासकानं सेरेंगेटीत वर्षानुवर्षं बसून पाहिलं. पिल्लं काही महिन्यांची झाली की आई हरणाचं पाडस जिवंत पकडून आणते आणि पिल्लांसमोर सोडून देते. पिल्लं धावतात, अडखळतात, पाडस निसटतं, आई पुन्हा आणून देते. एकटीनं मारून खाल्लं असतं तर पाच मिनिटांत पोट भरलं असतं. इथं जेवण हातचं जायची भीती असते, तरी ती सोडते. पिल्लं आईबरोबर सुमारे दीड वर्ष असतात, आणि वेगळी होतात तेव्हाही कच्चीच असतात.

आता अकबराची गोष्ट. त्यानं १००० चित्ते गोळा केले होते आणि त्यांची वीण व्हावी म्हणून खूप खटपट केली, पण जमलं नाही, असं जहांगिरानं लिहून ठेवलंय. जहांगिराच्या काळात एका जोडीला पिल्लं झाली तर ती आत्मचरित्रात नोंदवण्याइतकी नवलाची गोष्ट ठरली. थोडक्यात, चित्तेखान्यात मेलेल्या प्रत्येक चित्त्याची जागा भरायला रानातून नवा, वाढलेला, शिकलेला चित्ता आणावा लागे. हे शतकानुशतकं चाललं. चित्ता का संपला याची कारणं बरीच सांगतात: माळरानं नांगराखाली गेली, हरणं घटली, बंदुका आल्या. सगळी खरी. मला त्यात एक आणखी दिसतं. आपण रानातून नेमके मास्तरच उचलत होतो. आबांच्या लहानपणी कोल्हापूरच्या गाडीवर बसलेले चित्ते आफ्रिकेतून आणलेले होते, कारण इथले धरायला उरलेच नव्हते. १९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानाच्या राजानं तीन नर एकाच रात्री मारले, ते आपल्याकडचे शेवटचे समजले जातात. १९५२ मध्ये सरकारनं चित्ता संपल्याचं जाहीर केलं. पुन्हा भारतातल्या रानात चित्त्याचं पाऊल पडलं ते १७ सप्टेंबर २०२२ ला, नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आले तेव्हा.

आपल्याकडे लहान मुलांना सांगतात ती मांजरीची गोष्ट आठवते ना? मांजर वाघाची मावशी. तिनं भाच्याला दबा शिकवला, झेप शिकवली, नख लपवायला शिकवलं. आणि शिकून झाल्यावर भाच्यानं मावशीवरच डोळा ठेवला, तेव्हा ती झाडावर चढून बसली. तेवढं एक तिनं राखून ठेवलं होतं. गोष्ट रचणाऱ्याला एवढं नक्की कळलं होतं की शिकार ही विद्या आहे, ती कुणाकडून तरी घ्यावी लागते. आमच्या घरी मात्र उलटं झालं होतं. मावशीच अडाणी.

साखरीचं प्रकरण प्रयोगशाळेतही तपासून झालंय, तेही १९३० मध्ये. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञानं मांजरीच्या पिल्लांचे गट केले. उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पिल्लांनी उंदीर मारले. एकट्यानं वाढवलेल्या २० पैकी ९ जणांनी मारले. आणि उंदरांच्याच सोबतीत वाढलेल्या १८ पैकी फक्त ३ जणांनी. दत्तूमामांनी हे सगळं पोत्यावर हात ठेवून एका वाक्यात सांगितलं होतं. पण माझी नजर त्या मधल्या नऊजणांवर अडकते. त्यांना कुणी दाखवलं नव्हतं, आणि तरी जमलं. म्हणजे रक्तात काहीतरी असतंच. साखरीचे कान पुढे आले, शेपटीचं टोक हललं, तेही कुणी शिकवलेलं नव्हतं.

कोल्हापुरात 'रक्तात असतं' हे वाक्य फार स्वस्त आहे. अमक्याच्या रक्तात कुस्ती आहे म्हणतात. मी लहानपणी चार-सहा महिने तालमीत गेलो (गेलो म्हणजे माती अंगाला लावून परत आलो), तेवढ्यात एक कळलं. खांदा, मान, दम हे आईबापाकडून येत असेल. पण डाव वस्तादाकडूनच येतो, आणि प्रत्येक डावाला तोड असते. धोबीपछाड नवीन असताना त्यानं कित्येकांना आस्मान दाखवलं असेल. मग कुणीतरी त्याची तोड काढली, ती तालमीतालमीत पसरली, मग डाव टाकणाऱ्याला तो थोडा बदलून टाकावा लागला.

चित्ता आणि काळवीट यांची कुस्ती अशीच लाखो वर्षं चाललेली. संथ काळवीट खाल्लं गेलं, वेगवान उरलं. त्या वेगवानाला न पकडू शकणारा चित्ता उपाशी राहिला, पकडणारा उरला. काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळतं. चित्ता त्याहून वेगवान, पण काहीशे मीटरच. तेवढ्यात जमलं नाही तर बसून धापा टाकतो. हरला तर चित्त्याचं एक जेवण जातं, काळवीटाचा जीव जातो, म्हणून पळणाऱ्याच्या अंगावर उत्क्रांतीचा हात जास्त जड पडतो. चित्ता जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली, तरी काळवीट त्याच वेगानं पळतं. लांडग्यासाठी एवढ्या वेगाची गरज नाही. अमेरिकेतलं प्रॉंगहॉर्न तर सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या तिथल्या चित्त्यासारख्या प्राण्याच्या नावानं अजून धावतंय. जॉन बायर्स या संशोधकानं हा वेग गेलेल्या शत्रूची सावली म्हणून समजावून सांगितला. वेग रक्तात मुरलाय, तो शत्रू मेल्याचं इतक्यात ऐकणार नाही.

पण कुणापासून पळायचं? ते काळवीट शिकतं. चित्त्याची शिकार बैलगाडीवरून का व्हायची, याचं उत्तर इथं आहे. माणूस पायी दिसला की काळवीट उधळतं. घोडेस्वार दिसला की उधळतं. पण शेतकऱ्याची बैलगाडी त्यानं जन्मापासून पाहिलेली असते, आईही तिच्याकडे बघून मान खाली घालून चरत राहिलेली असते. म्हणून गाडी वळसे घेत घेत शंभरेक पावलांवर आणायची आणि मग टोपी काढायची. चित्तेपारध्यानं काळवीटाच्या वेगाशी पंगा घेतलाच नाही, त्याच्या आईच्या शिकवणीत जी फट होती तिथून तो आत शिरला. मी काही वर्षांपूर्वी रेहेकुरीला गेलो होतो, अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जतजवळ. कळप रस्त्यापासून जवळ होता. एक ट्रॅक्टर ऊस भरून, गाणी लावून गेला, एकाही हरणीनं मान वर केली नाही. मी मोटरसायकलवरून उतरून दोन पावलं चाललो, तर सगळा कळप उड्या घेत क्षितिजाला. त्या कळपात चित्ता पाहिलेलं एकही जनावर नव्हतं. मला पाहिलेली मात्र बरीच असावीत.

भीती अशी एकमेकांकडे बघून शिकली जाते यावर सगळ्यात गमतीचा प्रयोग जर्मनीत एबरहार्ड कुरिओ यांनी केला, १९७८ मध्ये तो छापून आला. ब्लॅकबर्ड हा तिकडचा कस्तुर. दोन पिंजरे समोरासमोर, मध्ये फिरती पेटी. एकाला पेटीत घुबड दिसतं, तो ओरडून कालवा करतो. दुसऱ्याला त्याच वेळी पेटीच्या दुसऱ्या बाजूनं एक निरुपद्रवी परदेशी पक्षी दिसतो. त्याला वाटतं, हा कालवा याच्यासाठीच. पुढे तो दुसरा पक्षी त्या निरुपद्रवी पाखरावर स्वतः ओरडायला लागतो, त्याचं बघून तिसरा, आणि अशी ही चुकीची शिकवण सहा पक्ष्यांपर्यंत पोचली. कुरिओंनी मग प्लास्टिकची बाटली ठेवून बघितली. बाटलीचीही भीती शिकवता आली, जरा कमी जोरात. हे वाचल्यावर मला आमच्या भावकीतलं एक जुनं भांडण आठवलं, मूळ कारण माहीत नसलेली तिसरी पिढी ज्यात हिरिरीनं बोलते. पण तो विषय नको.

मात्र काहीही शिकवता येतं असंही नाही. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी प्रयोगशाळेत जन्मलेल्या ऱ्हीसस माकडांवर काम केलं. अशा माकडांना सापाचं भय नसतं. दुसरं माकड सापाला घाबरल्याचं दृश्य दाखवलं की ती लगेच घाबरायला शिकतात. मग त्यांनी तीच फिल्म कापून-जोडून अशी केली की माकड फुलाला घाबरतंय. बघणारी माकडं बघून गेली, फुलाला कुणी घाबरलं नाही. खेळण्यातल्या मगरीची भीती लागली, खेळण्यातल्या सशाची नाही. पाटी कोरी असते, पण तिच्यावर कुठे ओळी आखायच्या हे आधी ठरलेलं असतं. सापाची ओळ आखलेली, धडा लिहायला आई लागते.

आणि धडा बुडाला तर? अमेरिकेत वायोमिंगमध्ये मूस नावाचं महाकाय हरीण आहे. तिथले लांडगे माणसानं संपवले, आणि काही दशकांत मूसच्या माद्यांना लांडगा ही चीज ठाऊकच राहिली नाही. जोएल बर्गर हे अभ्यासक लांडग्याच्या ओरडण्याची ध्वनिफीत लावायचे आणि ह्या बाया शांतपणे चरत राहायच्या. मग लांडगे परतले. पिल्लं गेली. ज्यांची पिल्लं गेली त्या आया मात्र पुढे लांडग्याच्या नुसत्या आवाजानं चरणं सोडून सावध व्हायला लागल्या. उत्क्रांतीला हजारो वर्षं लागली असती, इथं एकाच पिढीत काम झालं.

समुद्रात तर याहून वेगानं झालं. एकोणिसाव्या शतकात व्हेलमारीची जहाजं उत्तर पॅसिफिकमध्ये पोचली. स्पर्म व्हेल तोवर एकाच शत्रूला ओळखत होते, ऑर्काला, म्हणजे किलर व्हेलला. त्याच्यावरची त्यांची तोड म्हणजे सगळ्यांनी गोलात एकत्र उभं राहायचं. भालेवाल्यांना याहून सोपं काय हवं? पण हॅल व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी जुन्या जहाजांच्या नोंदवह्या तपासल्या (निष्कर्ष २०२१ चे), तर दिसलं की कुठल्याही भागात शिकार सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत भाला लागण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घसरलं होतं. इतक्यात रक्त बदलत नाही. ज्यांनी भाला पाहिला होता, त्यांच्याकडून न पाहिलेल्यांनी घेतलं. शिडाच्या जहाजाला थेट वाऱ्याविरुद्ध येता येत नाही, तर ते वाऱ्याविरुद्ध पळायला शिकले.

मागच्या गळिताच्या हंगामात पन्हाळा तालुक्यात मित्राच्या फडात बिबट्याची दोन पिल्लं सापडली. बीडकडच्या टोळीतल्या एका बाईला सरीत म्याव ऐकू आलं, तिनं कोयता थांबवला. पाचटात दोन ठिपक्यांचे गोळे, एकाचे डोळे निळसर. जमलेल्यातले निम्मे लोक फोटो काढत होते, निम्मे "घरी नेऊन वाढवा" म्हणत होते. मी तिथं होतो, आणि कबूल करतो, क्षणभर मलाही खिशात घालून न्यावंसं वाटलं. वनखात्याचे लोक आले. त्यांनी ऊसतोड बंद करवली, पिल्लं पाटीत ठेवून पाटी जिथं सापडली त्याच सरीत परत ठेवली, कॅमेरा लावला आणि सगळ्यांना हाकललं. तरणा वनरक्षक मित्राला म्हणाला, "दादा, पिंजऱ्यात वाढलेलं पुन्हा सोडता येत नाही. ते आयुष्यभर आमच्याच गळ्यात." रात्री साडेदहाला मादी आली, एकाला मानेला धरून नेलं. चाळीस मिनिटांनी दुसऱ्याला. सकाळी पाटीत दोन केस आणि बाजूच्या ओल्या मातीत तिचा पंजा, माझ्या तळहाताएवढा. ती त्यांना काय शिकवेल? ऊस, कुत्री, पाण्याच्या मोटरीचा आवाज, टोळी कधी येते आणि कधी जाते. तिच्या आईनं तिला शिकवलं असेल तेच. त्या घराण्यात जंगल बघितलेलं शेवटचं कोण असेल?

साखरीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी तिला तीन पिल्लं झाली, थप्पीमागच्या बारदानावर. वडील म्हणाले, "आता चार रखवालदार. उंदरांना मोकळं रान." तिनं पिल्लांना प्रेमानं चाटलं, पाजलं, आणि दूध सुटल्यावर सरळ आमच्या स्वयंपाकघरातल्या बशीकडे घेऊन आली, कारण अन्न मिळण्याची तिला माहीत असलेली जागा तीच. दोन पिल्लं आईवर गेली. तिसरा, करड्या रंगाचा बोका, पाचेक महिन्यांचा असताना एका पहाटे फळीखाली शिरला, खडबड झाली, आणि बाहेर आला तेव्हा तोंडात उंदीर होता. त्याला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग जाऊन आईपुढे ठेवला. साखरीनं वास घेतला, एक पंजा हळूच पुढे केला, उंदीर हलला नाही. मग ती उठून दुधाच्या बशीकडे गेली.